राजाचे नमस्कार आणि आमची मांडी

गेल्या वैशाखात भाच्याच्या मुंजीत मी पंगतीला मांडी घालून बसलो. बसलो तो बसलोच! पाने उचलली, दुसरी पंगत ताटकळत उभी राहिली, तरी अस्मादिक पाटावरच. शेवटी दोघा पोरांनी बगलेत हात घालून मला मुळ्यासारखे उपटले. "मामा, जिलब्या जास्त झाल्या वाटतं!" लोक हसले, मीही हसलो. पण आतून चरकलो. आमचे अण्णा शेवटची सहा वर्षे दुसऱ्याचा हात धरूनच उठत.

व्यायामाचा निश्चय मला नवा नाही. घरात डंबेल्सची जोडी आहे. एक दार वाऱ्याने आपटू नये म्हणून, दुसरे लोणच्यावर दाब म्हणून. "वजन उचलायला आणलं होतंत ना?" असे ही अधूनमधून विचारते.

पण डंबेल्स सोडणाऱ्यांत मी एकटा नाही, माझ्या बाजूला एक राजा आहे! औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी. त्या काळी युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या पहिलवानाचा जगभर डंका होता. भवानरावांनी १८९७ पासून दहाएक वर्षे त्याची पद्धत निष्ठेने केली. (मी दहा दिवस.) मग ते वळले सूर्यनमस्कारांकडे. नमस्काराला ना साहित्य लागते ना आखाडा. माणसाच्या उंचीएवढी सतरंजी पुरते, आणि दंड, पाठ, मांड्या सगळ्यांना एकदम कामाला लावता येते. राजेसाहेबांनी ते संस्थानच्या शाळांत नेले, १९३८ साली त्यावर लंडनहून इंग्रजी पुस्तकही काढले. १९५१ साली वारले ते ऐंशी ओलांडून.

मला स्फूर्ती आली. पहिल्याच दिवशी पंचवीस घातले! पुढचे चार दिवस भांगसुद्धा हिने पाडून दिला.

मग मिलो आठवला. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातला हा ग्रीक मल्ल म्हणे रोज एक वासरू उचली. वासराचा बैल झाला, तरी मिलोला पत्ता नाही! दंतकथाच ती. पण १९४५ च्या सुमारास थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे दुबळे पाय याच हिशेबाने सुधारले. झेपेल तेवढे वजन, आणि ताकद वाढेल तशी हळूहळू भर. मी मात्र पहिल्याच दिवशी बैलाला हात घातला होता.

आता माझे वासरू दोन नमस्कारांचे. सकाळचा चहा झाला की वर्तमानपत्राआधी. आठवड्याला एकाची भर, रविवारी सुट्टी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. व्यायामाला व्याज लावले की माणूस मुद्दलही बुडवतो, हा माझा जुना अनुभव. सहा महिने झाले. डंबेल्स अजून आपापल्या नोकरीवर आहेत.

परवा पुन्हा पंगत होती. दोन पोरे तयारीने मागे येऊन उभी राहिली. मी उठलो. जमिनीला एक हात टेकावा लागला, नाही असे नाही.

पण तो माझाच होता.