येरवड्याचं विमान, सहारची गाडी

“किती माणसं? किती बॅगा? आणि एअरपोर्ट कुठला, सहार की नवी मुंबई?”

२०२६च्या जानेवारीत पुण्यातल्या एका ट्रॅव्हलवाल्याला मी फोन केला, तेव्हा त्याने हे तीन प्रश्न विचारले. माझा धाकटा भाऊ अमेरिकेला परत निघाला होता आणि या वेळी त्याला पोचवायला सगळ्यांनीच जायचं, असं घरात ठरलं होतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. तिसरा प्रश्न मात्र नवा होता. पस्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवलं, फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पण पुण्याच्या माणसाला विमान गाठायला आधी मुंबई का गाठावी लागते, याचा इतिहास कधी कुणाला सांगितला नाही. तो आज सांगतो.

याची सुरुवात गमतीची आहे. एक काळ असा होता, की पावसाळा आला की मुंबईचं विमानच पुण्याला यायचं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन एक छोटं पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरवलं. आपल्या नागरी विमानसेवेचा जन्म तो. पण जुहूचा तळ म्हणजे समुद्रकाठचा चिखलाचा सपाट पट्टा. भरती आली की पाणी, आणि पावसाळ्यात तर पाणीच पाणी. मग टाटांची ही चिमुकली कंपनी आपली विमानं, वैमानिक आणि यंत्रकामगार यांच्यासह पुण्याला मुक्काम हलवायची. उतरायला जागा कुठली मिळाली होती? येरवड्याच्या तुरुंगालगतचं मैदान! म्हणजे पावसाळ्याचे महिने विमान येरवड्यात आणि मुंबईकर मात्र विमानाविना. ते दिवस पुणेकरांनी जपून ठेवले असते तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

पुणं आणि मुंबई यांच्यामध्ये खरा अडसर आहे तो बोरघाटाचा. घाटातून गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. रेल्वे मुंबईहून खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आली आणि खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. पण मधला घाट फोडून रूळ जोडायला १८६३ उजाडलं. त्या पाच वर्षांत प्रवासी खोपोलीला उतरत आणि पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत. वर खंडाळ्याला दुसरी आगगाडी उभी असे. बायकामुलं, ट्रंका, वळकट्या, सगळं मोजून पालखीवाल्याशी भाव ठरवायचा. आज आपण ‘एअरपोर्ट ड्रॉप’ म्हणतो तो व्यवहार याहून फार वेगळा नाही. मोठा प्रवास कुणीतरी सोपा करून ठेवलेला असतो. मधल्या तुकड्याची सोय ज्याची त्याने करायची.

दुसऱ्या महायुद्धाने दोन्ही शहरांच्या विमानतळांची वाट वेगळी केली. मुंबईत सांताक्रूझला लष्करासाठी धावपट्ट्या झाल्या आणि युद्ध संपल्यावर नागरी विमानं जुहूहून तिकडे गेली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. लोहगावचा तळही युद्धाच्या सुमाराचाच. पण तो हवाई दलाकडे राहिला. मुंबईच्या वाट्याला प्रवासी विमानं आली, पुण्याच्या वाट्याला लढाऊ. पुण्यातल्या मुलांनी आकाशात विमानं पाहिली ती अशी, बसता न येण्याजोगी.

१९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचे नियम बदलले आणि डॉक्टर, इंजिनिअर यांना दार उघडलं. पुण्यातल्या पेठांमधून एकेक मुलगा निघू लागला. डेक्कन क्वीनने किंवा स्टेशनवरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दादर गाठायचं, गिरगावात किंवा पार्ल्यात मावशीकडे उतरायचं आणि रात्री विमानतळावर. रात्रीच का? युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांवर बंधनं असतात. तिथे सकाळी उतरायचं तर मुंबईहून मध्यरात्रीनंतर उडायला हवं. युरोपाची झोप मोडू नये म्हणून आपण जागायचं, असा तो हिशेब आहे.

१९८६ मध्ये आमच्या घरून माझा भाऊ निघाला, तोवर विदेशी विमानं सहारच्या नव्या इमारतीतून सुटू लागली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोचवायला मॅटॅडोर ठरवली. ही गाडी आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. ‘टेम्पो’ हा शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या तीनचाकीचा. आपण तो इतका आपला केला, की टेम्पो म्हटल्यावर आता जर्मनी कुणाला आठवत नाही. गाडीचं बुकिंग म्हणजे काय, तर अण्णा मालकाच्या घरी गेले, चहा झाला, शंभर रुपये इसारा म्हणून हातावर ठेवले. डिझेल आपलं, ड्रायव्हरचं जेवण आपलं. पावती नाही. जाणारा एक, बॅगा दोन आणि पोचवणारे तेरा. त्यात दोन शेजारी आणि भावाला गणित शिकवलेले मास्तरही होते. खोपोलीला बटाटेवडे झाले. सहारला काचेच्या दाराशी भाऊ सगळ्यांच्या पाया पडला आणि आत गेला. काचेतून दिसेनासा झाला तरी आई तिथेच उभी होती. पहाटे घाट चढताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. त्याच्या रिकाम्या जागेवर कुणी बसलंही नव्हतं.

आता जे सांगतो ते घरातही फारसं बोललं गेलेलं नाही. जुलै १९९१ मध्ये अण्णा गेले. भावाला फोन लागला, त्याने मिळेल ते विमान धरलं. आम्ही त्याच्यासाठी थांबलो. बर्फाच्या लाद्या आणल्या. विमान रात्री एकला वेळेवर उतरलं, हे आम्ही चौकशी करून घेतलं होतं. सकाळी सहा-सातपर्यंत तो यायला हवा होता. सात वाजले, आठ वाजले. बाहेर पाऊस कोसळत होता. आणायला गाडी पाठवायची हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पोचवायला मॅटॅडोर करणारे आम्ही, आणायला कुणी गेलो नाही. मोबाइल नव्हते. तो मुंबईत आहे, पनवेलला आहे की घाटात, कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका. साडेनऊला मी सांगितलं, उचला. दुपारी एक वाजता भाऊ दारात आला. घाटात ट्रक उलटून रस्ता बंद पडला होता. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला मुलगा शेवटच्या दीडशे किलोमीटरसाठी उशिरा पोचला. तो मला एका शब्दाने बोलला नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या दहा वर्षांत सगळं बदललं. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं होतं. २००० मध्ये टोयोटा क्वालिस आली. हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि एका घरातून एक जाण्याऐवजी एका सोसायटीतून दहा जण जाऊ लागले. द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा २००० मध्ये आणि संपूर्ण मार्ग २००२ मध्ये खुला झाला. कळंबोली ते किवळे सुमारे ९५ किलोमीटर, सहा पदरी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की पूर्ण गाडी कशाला, एकेक सीट विकू. घरी येऊन उचलायचं, सहारला सोडायचं आणि येताना तिथून उतरलेल्यांना घरपोच आणायचं. टपावर कॅरियर, त्यावर ताडपत्री, दोरीने आवळलेल्या बॅगा. कोथरूड, औंध, बाणेर करत सहा घरांचे सहा जण गोळा करायला दीड तास जायचा. पण दर परवडायचा, आणि एकट्या मुलीला रात्री पाठवायची काळजी कमी झाली. १९९१ मध्ये अशी सोय असती तर, हा विचार मी तेव्हा पुष्कळदा केला आहे.

या सोयीत एकच गोष्ट बसत नव्हती. पोचवणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. २००३ मध्ये माझी मुलगी शिकायला निघाली तेव्हा सुमो फाटकाशी आली. आम्ही दही-साखर दिली, ओवाळलं. माझी आई तेव्हा शहात्तर वर्षांची. ती पातळ बदलून, पिशवी घेऊन तयार. ड्रायव्हर म्हणाला, “आजी, सीट बुक करावी लागते.” आई म्हणाली, “केली आहे. जायची आणि यायचीही.” तिने परस्पर फोन करून दोन्ही वेळचे पैसे कबूल केले होते! त्या रात्री ती पाच अनोळखी मुलांबरोबर सहारला गेली. पहाटे परतली तीही उतरलेल्या चार अनोळखी प्रवाशांबरोबर, त्यांना डिंकाचे लाडू वाटत. “त्यांना आणायलासुद्धा कुणी आलं नव्हतं रे,” एवढंच ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली, ते मला कळलं.

पुण्याला स्वतःचं विमान मिळालं नाही असं नाही. २००५च्या अखेरीस लोहगावहून दुबई आणि सिंगापूरची उड्डाणं सुरू झाली. २००८ मध्ये फ्रँकफर्टचं विमान आलं. ते कायमचं टिकलं नाही. धावपट्टी अडीच किलोमीटरची आणि तळ हवाई दलाचा, त्यामुळे लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांना मर्यादा. २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ची. तिथल्या गावांनी जमिनी द्यायला विरोध केला, आणि ज्यांची अंजिराची बाग जाणार त्यांना आपण घाईने बोल लावू नये. मधल्या काळात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन झालं आणि डिसेंबरअखेर तिथून देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. पनवेलजवळ, म्हणजे आमच्या वाटेवरच. म्हणून तो तिसरा प्रश्न. गाडी ठरवताना आता विमानतळ आणि टर्मिनल, दोन्ही तिकिटावर बघून सांगावं. नुसतं ‘मुंबई एअरपोर्ट’ म्हणून भागत नाही.

आणखीही काही गोष्टी अनुभवाने सांगतो. ट्रॅव्हलवाला ‘सतरा सीटर’ म्हणतो ती माणसांची संख्या, बॅगांची नव्हे. मोठ्या बॅगा आठ असतील तर मागच्या सीटवर माणूस धरू नये. रात्री दोनचं विमान असेल तर अकराला तिथे हवं, घाटाचे चार तास धरावेत, वर दोन तास गणपतीला सोडावेत. म्हणजे पुण्याहून संध्याकाळी पाचला निघावं. टोल, पार्किंग, रात्रीचा ड्रायव्हर भत्ता कुणाकडे, हे आधी बोलून घ्यावं. आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा: ड्रायव्हर कालच्या रात्री झोपला होता का? पहाटेचा परतीचा घाट जागरणाने डोळे चुरचुरणाऱ्या माणसाच्या हातात असतो. इतक्या घरांची मुलं ज्यांनी वर्षानुवर्षं सुखरूप पोचवली, त्या ड्रायव्हरांची नावं कुठल्याच इतिहासात येणार नाहीत. निदान त्यांच्या झोपेची चौकशी आपण करावी.

तर जानेवारीत आम्ही सतरा सीटर केली. जाणारा एक, बॅगा दोन, पोचवणारे अकरा. आई आता नाही. भाऊ चौसष्ट वर्षांचा झाला आहे. तो पुढे खिडकीशी बसला होता, मी त्याच्या मागे. खंडाळा मागे पडलं, घाट सुरू झाला. एका वळणावर त्याने मान वळवून बाहेर पाहिलं.

“दादा, इथे तो अमृतांजनचा पूल होता ना?”

“होता. २०२० मध्ये पाडला.” मी इतिहासाच्या मास्तराच्या आवाजात सांगितलं. “१८३०चा होता.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्या दिवशी टॅक्सी या पुलापाशी उभी होती. दहा वाजले होते. मी घड्याळ बघितलं आणि मला वाटलं, आता तू त्यांना नेलं असशील. आणि वाटलं, बरोबर केलं दादाने.”

जवळजवळ पस्तीस वर्षं हे वाक्य घाटात अडकून पडलं होतं. ते पोचलं, ते आम्ही एका गाडीत बसून गेलो म्हणून.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)