वर्ध्याचा समुद्र: १९३०च्या मिठाच्या लढ्यातील भरती, ओहोटी आणि पाऊस

वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर आहे. तरीही १९३०च्या एप्रिलमध्ये विलेपार्ले येथील सत्याग्रह छावणीचे नेतृत्व करीत होते वर्ध्याचे व्यापारी आणि काँग्रेसचे खजिनदार जमनालाल बजाज. किनाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध नसलेल्या या गृहस्थाला त्या उन्हाळ्यात समुद्राच्या पाण्याचा हिशेब करावा लागला. मिठाच्या सत्याग्रहाचा राजकीय इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. पाण्याचा इतिहास मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला.

६ एप्रिल ही तारीख गांधीजींनी १९१९च्या रौलट कायद्याविरोधी हरताळाच्या स्मरणार्थ निवडली होती. पंचांग पाहिले तर तो दिवस चैत्र शुद्ध सप्तमी-अष्टमीचा, म्हणजे भांगाचा. आठवडाभर आधी अमावास्येचे उधाण येऊन गेलेले. उधाणाचे पाणी किनाऱ्यामागच्या सखल जमिनीवर दूरवर पसरते. भांगाची भरती तिथवर पोहोचत नाही. मधल्या दिवसांच्या उन्हात साचलेले पाणी आटते आणि मातीवर पांढरा थर उरतो. योगायोग असो वा नसो, समुद्र अनुकूल होता. प्रतिकूल होते ते सरकार: दांडीला तो थर पोलिसांनी आधीच चिखलात कालवून टाकल्याचे सांगितले जाते. गांधीजींनी सकाळी समुद्रस्नान केले आणि चिखलातून उरलेले मीठ उचलले.

पार्ल्याची परिस्थिती वेगळी होती. मुंबईच्या सत्याग्रहींना मीठ बहुधा तयारच करावे लागे, आणि ते दिसते तितके सोपे नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश म्हणजे आपले खाण्याचे मीठ. म्हणजे एक किलो मिठासाठी चाळीसेक लिटर पाणी आणायचे आणि आटवायचे. पाणी एक दशमांश उरेपर्यंत मीठ खाली बसतच नाही. त्याआधी बसतो तो जिप्सम. आणि घाईने सगळे पाणी आटवले तर मॅग्नेशियमचे क्षारही सोबत येतात; मीठ कडवट लागते, हवेतील ओल शोषून पाझरते. शेवटचे कडू पाणी नेमके केव्हा ओतून द्यायचे, हे मिठागरातील आगऱ्याला ठाऊक असते. चुलीवर पातेले ठेवणाऱ्या वकिलाला, विद्यार्थ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या मिठाच्या पुड्या लोकांनी चढ्या भावाने घेतल्या, त्या चवीसाठी खचित नव्हे!

सत्याग्रह सुरू होताच जमनालालजींना अटक झाली. छावणीतील त्यांचे एक सहकारी होते किशोरलाल मशरूवाला. पुढे तेही वर्ध्याला आले आणि गांधीजींच्या पश्चात ‘हरिजन’चे संपादक झाले. मे महिन्यात लढ्याचे स्वरूप पालटले. पातेल्यात मीठ आटवण्याऐवजी लोक थेट वडाळ्याच्या मिठागरांवर चालून जाऊ लागले. १ जूनच्या धाडीत हजारोंचा जमाव होता.

आणि मग पाऊस आला.

नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र खवळतो, खाड्यांत गोडे पाणी उतरते, मिठागरे विरघळून जातात. मिठागरांचा हंगाम पावसाआधीच संपतो आणि पावसाळाभर नवे मीठ पिकत नाही. कोणत्याही लाठीमाराला न जमलेली गोष्ट आकाशाने चार दिवसांत केली. लढा मिठापुरताच असता, तर तो तिथेच थंडावला असता.

इथे समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भाचे महत्त्व कळते. एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातील विहिरीचे पाणी आटवून मीठ केले गेले होते. परंतु वर्धा-यवतमाळकडे तशी विहीरही नव्हती. तिथे लोकांना बोचणारा कायदा जंगलाचा होता. जुलैमध्ये पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापले. मिठाला जो पाऊस मारक, तोच गवताला तारक. किनाऱ्यावर लढा थांबला तेव्हा वऱ्हाड-मध्यप्रांतात तो उगवून आला.

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही, असे सांगून गांधीजी दांडीला निघाले होते. त्या शब्दाचा परिणाम वर्ध्याला भोगायला, खरे तर लाभायला मिळाला. जमनालालजींच्या आग्रहाने ते वर्ध्यात आले आणि १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले.

मिठाचे मात्र काय झाले? ५ मार्च १९३१च्या गांधी-आयर्विन करारानुसार, जिथे मीठ गोळा करता किंवा बनवता येते तिथल्या लगतच्या गावांना घरापुरते मीठ करण्याची आणि गावातच विकण्याची मुभा मिळाली. गावाबाहेर विकण्यास मनाई कायम राहिली. सवलत भरतीच्या रेषेपाशी थांबली. ज्या वर्ध्याने पार्ल्याच्या छावणीला सेनानी दिला, तिथल्या शेतमजुराच्या भाकरीसोबतच्या मिठावर कर चालूच होता. तो १९४७ मध्ये उठला. जमनालालजींना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.