प्रतिकृतींतील वैमानिकाची बैठक

विमानाची लहानशी प्रतिकृति करणें हा पोरखेळ आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्या प्रतिकृतींतील कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची बैठक, हा इतिहासाचा एक कागदच होय, असें दाखविण्याचा आज माझा विचार आहे. उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतलेंच घेऊं.

मिग-२१ हें रशियन विमान १९६३ सालीं चंदीगड येथें आपल्या हवाईदलांत दाखल झालें. पुढच्याच वर्षीं नाशिकजवळ ओझर येथें तें बांधण्यासाठीं कारखाना निघाला. प्रथम एफ्‌एल्, मग एम् आणि शेवटीं बिस् अशा त्याच्या तीन जाती तेथें तयार झाल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडासच या विमानानें सेवेचा निरोप घेतला.

प्रतिकृतीच्या साध्या संचांत बैठक बहुधा नांवापुरतीच असते: एक खुर्ची, एक दांडा आणि एक सपाट फळी. म्हणून हौशी कारागीर दुसऱ्या कारखान्यांनीं काढलेले पूरक भाग निराळे विकत घेतात. खुर्ची रेझिनची ओतीव असते. पट्टे व कड्या पितळेच्या पातळ पत्र्यांतून काढतात. हवा तेवढा भाग झांकून ठेवावयाचा आणि उरलेलें पितळ रसायनाकडून खाववावयाचें. आमच्या सालवडच्या शेजारीं, तारापुराच्या रसायन-कारखान्यांत राबणाऱ्यांस ही क्रिया समजावून सांगावयास नकोच. काम मात्र नाजूक. आठ सेंटिमीटर व्यासाची तबकडी अठ्ठेचाळीस पट लहान केली, तर ती पावणेदोन मिलिमीटरसुद्धां भरत नाहीं.

येथेंच खरी परीक्षा आहे. एफ्‌एल् विमानाचें छत पुढच्या बाजूस बिजागरीवर उघडे, आणि संकटकाळीं तें खुर्चीसह सुटून वैमानिकापुढें ढालीसारखें राही. एम् व बिस् या जातींचें छत उजव्या कुशीस उघडे. त्यांत केएम्-१ नांवाची निराळी खुर्ची असे. विमान धांवपट्टीवर वेगांत असतांनाहि ती वैमानिकास वर फेंकूं शके. १४ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्याच्या गव्हर्नरभवनावर ज्या मिग विमानांनीं रॉकेटें सोडलीं, तीं एफ्‌एल् जातीचीं होतीं. त्यांच्या प्रतिकृतींत केएम्-१ खुर्ची बसविली, तर ती कितीहि सुबक असो, साक्ष खोटी ठरते.

दुसरी खूण फळीवरील उभ्या पांढऱ्या रेघेची. निळसर हिरव्या रंगाच्या त्या बैठकींत ही रेघ शोभेसाठीं नव्हती. विमान भोंवऱ्यासारखें गरगरूं लागलें, कीं गोंधळलेल्या वैमानिकानें दांडा त्या रेघेच्या रोंखानें ढकलून मध्यावर आणावा, एवढ्यासाठीं ती ओढलेली असे. या विमानाच्या अपघातांत आपले कित्येक तरुण वैमानिक गेले, हें आठवलें म्हणजे त्या रेघेचें मोल कळतें.

अस्सल कागद जमवावे आणि पारखावे, या हेतूनें १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें. तीच शिस्त येथेंहि हवी. भाग विकत घेण्यापूर्वीं विमानाची जात, साल आणि छायाचित्रें ताडून पाहावीं. चौकाचौकांत चौथऱ्यावर उभीं केलेलीं मिग विमानें आपण पाहतों, पण त्यांतली बैठक खालून दिसत नाहीं. ती पुढच्या मुलांस दाखविण्याचें काम या वीतभर प्रतिकृतीनें करावयाचें आहे. तेव्हां तिच्यांतली खुर्ची तरी खरी असावी.