रकान्याबाहेरची मुले

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ह्या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. मग पंचनामे सुरू झाले. किती घरांची कौले उडाली, किती माड उन्मळले, किती पोफळी मोडल्या, ह्याची नोंद रीतसर होऊ लागली. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सहा वर्षे तरी जातात. म्हणजे त्या दिवशी सातवी-आठवीत असलेल्या मुलाचे उरलेले सारे शालेय आयुष्य उत्पन्न न देणाऱ्या वाडीच्या सोबतीने जाणार होते. शाळा तर टाळेबंदीमुळे मार्चपासूनच बंद होती. परंतु त्या मुलाच्या मनावर काय गुदरले, ह्यासाठी पंचनाम्याच्या नमुन्यात रकाना नव्हता.

हा दोष एखाद्या तलाठ्याचा नव्हे. मुलांना मोजण्याची सवय आपल्याला जुनी आहे. त्यांना विचारण्याची सवय अगदी अलीकडची. ह्या दुसऱ्या सवयीचा इतिहास थोडा तपासून पाहण्याजोगा आहे.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, शेतकऱ्यांच्या मुलांना शाळेकडे ओढण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत, अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे, नीतीचे आणि आरोग्याचेही धडे असावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री शिक्षिकांची व स्त्री डॉक्टरांची निकड मांडली. मुलगा शाळेत का येत नाही, ह्याचे उत्तर त्याच्या घरच्या गुराढोरांत आणि शेतात आहे, हे फुल्यांनी ओळखले होते. तरीही साक्ष होती ती प्रौढांची. मुलांच्या वतीने कोणी तरी बोलत होते. स्वतः मुले बोलत नव्हती. पुढे शाळांची, पटाची, उत्तीर्णांची आकडेवारी वर्षानुवर्षे वाढत गेली, पण वर्गात बसलेल्याचे कसे चालले आहे, हा प्रश्न बव्हंशी मास्तरांच्या अंदाजावर सोडलेला राहिला.

ह्या प्रथेला खरा छेद मिळाला तो हरिहरेश्वरापासून दक्षिणेकडे, ह्याच किनाऱ्यावरच्या गोव्यात. तेथे १९९६ मध्ये ‘संगत’ ही संस्था स्थापन झाली. तिचे एक संस्थापक, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील आठ उच्च माध्यमिक विद्यालयांत अकरावीच्या ८११ विद्यार्थ्यांना थेट प्रश्न विचारले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मागील बारा महिन्यांत कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसावा लागला, असे जवळजवळ एक तृतीयांश मुलामुलींनी सांगितले. छळ करणाऱ्यांत वरच्या वर्गातले विद्यार्थी आणि मित्रच पुष्कळ होते. आई-वडिलांना किंवा शिक्षकांना विचारून ही माहिती मिळाली असती, असे मानणे कठीण आहे. जे घरात उच्चारता येत नाही ते प्रश्नावलीच्या कागदावर उमटले.

त्यानंतरची पायरी अधिक महत्त्वाची. ‘संगत’ने गोव्यातील ग्रामीण व शहरी वस्त्यांत १६ ते २४ वयोगटातील ३६६२ तरुण-तरुणींची पाहणी केली. त्यांपैकी ३.९ टक्क्यांनी मागच्या तीन महिन्यांत आत्महत्येचा विचार वा प्रयत्न केल्याचे सांगितले. घरातील मारहाण, लैंगिक छळ आणि शाळा-महाविद्यालयात नसणे, ह्या गोष्टींचा त्याच्याशी संबंध आढळला. ही पाहणी अहवालापाशी थांबली नाही. ‘युवा मित्र’ नावाचा कार्यक्रम त्याच वयोगटासाठी राबवला गेला; त्यात समवयस्कांमधूनच तयार केलेले मार्गदर्शक होते, शिक्षकांचे प्रशिक्षण होते, आरोग्यविषयक पुस्तिका होत्या. कार्यक्रम जेथे झाला आणि जेथे झाला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत नंतर पुन्हा पाहणी करून परिणाम ताडून पाहण्यात आला.

शाळेबाहेर असणे हीच जर जोखीम असेल, तर केवळ शाळेत वाटलेली प्रश्नावली सर्वांत अडचणीतल्या मुलापर्यंत पोहोचतच नाही. दहावीनंतर होडीवर जाणारा मुलगा, लग्न ठरले म्हणून शिक्षण सुटलेली मुलगी हजेरीपटावर नसतात. म्हणून गोव्यातली दुसरी पाहणी शाळेच्या भिंतीबाहेर वस्तीत गेली, ह्याला मोल आहे.

महासाथीनंतर राष्ट्रीय पातळीवरही विचारणा झाली. २०२२ च्या जानेवारी ते मार्च ह्या काळात एनसीईआरटीने सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची मते जाणून घेतली. नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते, हे योग्यच. ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण म्हणून नोंदवले. पण देशभराची टक्केवारी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका शाळेला काय करावे ते सांगू शकत नाही. परीक्षेची धास्ती सगळीकडे सारखी दिसते. मोडलेल्या वाडीची, मुंबईला कामाला गेलेल्या बापाची, सुटीच्या दिवसांत पर्यटकांसाठी रिकाम्या कराव्या लागणाऱ्या घरातल्या खोलीची धास्ती त्या सरासरीत विरून जाते.

आम्हां शिक्षकांनाही ह्यातून काही शिकायचे आहे. वर्षअखेरीस अभिप्रायाचे अर्ज भरून घ्यायचे आणि ते कपाटात ठेवायचे, ह्याला विचारणे म्हणत नाहीत. मुलगा एकदा खरे लिहितो. त्याचे काहीच झाले नाही की पुढच्या वेळी तो आपल्याला आवडेल ते लिहितो. तेव्हा प्रश्न विचारण्याआधी तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत : उत्तर कोण वाचणार, ते गुप्त कसे राहणार, आणि एखाद्याने मदत मागितलीच तर त्याला त्याच आठवड्यात कोणाकडे न्यायचे. हे ठरले नसेल तर विचारू नये. न विचारण्याहून ते अधिक निष्ठुर ठरते.

हरिहरेश्वरी सावित्री समुद्राला मिळते, आणि पलीकडे बाणकोटचा किनारा दिसतो. दोन्ही तीरांवर वादळे पुन्हा येणार आहेत. पुढच्या पंचनाम्यात माड आणि पोफळी मोजल्या जातील, आणि मोजल्या जाव्यातच. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला निदान एक प्रश्न विचारला जावा आणि उत्तर ऐकायला विचारणाऱ्याने थांबावे, इतके तरी आता आपल्याला जमायला हवे.