‘व्रात्य’ कोणाला म्हणायचं?

पोरानं खोडी काढली की आपण सहज म्हणतो, “भारी व्रात्य आहे हो!” त्यात रागापेक्षा लाडच जास्त. पण हा शब्द मुळात पोरांसाठी नव्हताच.

अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्य पूज्य आहे. तो अतिथी म्हणून आला तर राजानंही त्याचा मान ठेवावा, असं तिथे सांगितलंय. पंचविंश ब्राह्मणात मात्र यज्ञव्यवस्थेबाहेर टोळीनं हिंडणारे ते व्रात्य. त्यांना आत घेण्याचा विधी म्हणजे व्रात्यस्तोम. पुढे मनुस्मृतीनं हिशेबच मांडला: ब्राह्मणाची मुंज 16, क्षत्रियाची 22 आणि वैश्याची 24 वर्षांपर्यंत झाली नाही, की तो व्रात्य. म्हणजे आर्यांच्या दृष्टीनं निंद्य. नियमात न बसणारा, या अर्थाची धार मराठीत बोथट झाली आणि शब्द अवखळ मुलापाशी आला.

आता हे चंद्रपुरात का सांगतोय? इथले बाबूराव शेडमाके इंग्रजांच्या नियमात बसले नाहीत. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सरकारच्या लेखी बंडखोर, गोंडांच्या लेखी वीर. माणूस एकच, विशेषण देणारा बदलला.

म्हणून भामरागडच्या शाळेत माडिया बोलणारं पोर ऐकत नाही, असं वाटलं, तर व्रात्य म्हणण्याआधी एवढं बघा: ते खोडकर आहे, की आपली मराठी त्याला कळलीच नाही?