लोणावळ्यात मोजलेला श्वास

“दीर्घ श्वास घ्या, शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळेल.” सकाळच्या बागेत हमखास ऐकू येणारे हे वाक्य. प्राणायामाच्या एका निस्सीम उपासकाने ते सुमारे नव्वद वर्षांपूर्वीच खोडून काढले होते, आणि तेही प्रयोगशाळेत मोजमाप करून. त्या उपासकाचा आणि त्याच्या प्रयोगांचा हा इतिहास.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883 साली बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन केले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी हे त्यांचे योगगुरू. हेच गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले.

गुरूवर त्यांची अढळ श्रद्धा होती. पण शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न श्रद्धेने सुटणारा नव्हता. 1920च्या दशकाच्या आरंभी बडोद्यातील रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरण चित्रे घेतली. बस्तिक्रियेत पाणी पंपाविना आतड्यात वर कसे चढते, हे कोडे होते. त्यांनी दाबमापक लावला. नौली करताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो, असे त्यात आढळले. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले : ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरुदक्षिणेचा इतका शास्त्रीय प्रकार क्वचितच सापडेल!

ऑक्टोबर 1924मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यात आसनांची माहिती असे, तसेच प्रयोगांचे आकडेही असत.

यानंतर पाळी आली श्वासाची. 1930च्या दशकाच्या आरंभी कुवलयानंदांनी प्राणायामात शरीर किती ऑक्सिजन घेते आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडते, हे मोजले. प्राणायामाने नेहमीच्या श्वसनापेक्षा अधिक ऑक्सिजन मिळतो ही समजूत चुकीची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वतः ज्याचा प्रचार करायचा, त्याच्या सर्वांत लोकप्रिय समर्थनावर त्यांनी पाणी सोडले. प्राणायामाचे मोल त्यांनी इतरत्र शोधले : पोटातील व छातीतील दाबाचे बदल, मज्जासंस्थेवरील परिणाम आणि श्वासावर येणारा ताबा.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि उच्छ्वासातही त्यातला 16 ते 17 टक्के शिल्लक राहतो. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्त साध्या श्वासानेच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. श्वास घेण्याची ओढदेखील मुख्यतः कार्बन डायऑक्साइड ठरवतो, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 सालीच दाखवले होते.

पण वाद इथे मिटला नाही. केरळचे कोवूर बेहनन हे येल विद्यापीठातील संशोधक लोणावळ्यात येऊन कुवलयानंदांकडे योग शिकले. 1937 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील आकडे वेगळेच होते : ऑक्सिजनचा वापर उज्जायीत 24.5 टक्के, भस्त्रिकेत 18.5 टक्के आणि कपालभातीत 12 टक्के वाढलेला. शिष्याने गुरूला खोटे पाडले म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. कुंभक किती वेळ, श्वासाचा वेग किती, यानुसार आकडे बदलतात. शिवाय वापर वाढणे म्हणजे शरीराला जास्तीचा साठा मिळणे नव्हे. राजमाचीचा चढ चढतानाही वापर वाढतोच, कारण स्नायू राबत असतात.

कुवलयानंदांचा रोजच्या सरावाबाबतचा सल्लाही या जाणिवेशी जुळणारा होता. फुप्फुसांवर ताण नको, नवशिक्यांनी कुंभकाच्या मागे लागू नये, पूरकाच्या दुप्पट वेळ रेचकाला द्यावा. कपालभाती तर हठयोगप्रदीपिकेतही षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत, मोजली आहे. आज तिला सर्रास प्राणायाम म्हटले जाते.

1966 साली कुवलयानंदांचे निधन झाले. मोजमाप मात्र थांबले नाही. भूमिगत समाधीच्या चमत्कारकथांचा शोध घेण्यासाठी त्याच दशकात कैवल्यधामच्या संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवली आणि आतील हवेत ऑक्सिजन किती घटतो, कार्बन डायऑक्साइड किती वाढतो, याची नोंद ठेवली.