माणसांसाठी लिहिलेले प्रोग्राम

सॉफ्टवेअर कसं बनवायचं ही पद्धतसुद्धा सॉफ्टवेअरच आहे. मग तीही प्रोग्रामसारखी नेमक्या भाषेत लिहावी, तपासावी, दुरुस्त करावी. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या परिषदेत लिऑन ऑस्टरवाइल यांनी हे मांडलं. तोवर चौकोन आणि बाण यांवर भागत असे. विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधातली उतरती पायऱ्यांची आकृती तर घरोघरी पोचली होती. (ती वाट जशीच्या तशी धरणं धोक्याचं, हे रॉइस यांनी तिथेच लिहिलं होतं. लोकांनी चित्र उचललं, मजकूर सोडला.)

मॉन्टेरीतच मॅनी लेहमन यांनी हरकत घेतली. काम कसं होतं हे आधी माहीत असेल तरच त्याचा प्रोग्राम लिहिता येतो. रचनाकाराला पुढची पायरी मागची उरकल्यावरच दिसते. ही हरकत मला आजही वजनदार वाटते.

तरी भाषा निघाल्याच. कोणी ॲडा भाषेचा विस्तार केला, कोलंबिया विद्यापीठाच्या ‘मार्व्हल’ने नियमांवर भिस्त ठेवली, तर मिलानच्या ‘स्लँग’ने कार्ल पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधापासून सुरू झालेली जाळी वापरली.

यांतली सर्वांत समजूतदार मला ‘लिटल-जिल’ वाटते. ऑस्टरवाइल यांच्याच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या गटाची, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. तिच्यात काम म्हणजे पायऱ्यांचं झाड. पोटपायऱ्या ओळीने करायच्या, एकदम करायच्या, एक फसली तर दुसरी करून पाहायची, की करणाऱ्याने निवडायची, हे प्रत्येक पायरीवर नोंदलेलं. पायरी कोणाकडे, माणसाकडे की यंत्राकडे, तेही. तपासनिसाने रचना नाकारली की अपवाद उठतो आणि पुढे काय करायचं ते वरची पायरी ठरवते. मात्र अगदी शेवटच्या पायरीत काम ‘कसं’ करायचं हे लिहीतच नाहीत, ते करणाऱ्याचं. लेहमन यांना अर्धं उत्तर इथे मिळालं. पुढे हीच भाषा रुग्णालयांतल्या रक्तसंक्रमणाच्या पद्धती तपासायलाही वापरली गेली.

आज कोड साठवलेल्या जागी यामल फाइल असते: आधी बांधणी, मग चाचण्या, मग पुढचं. तिचं कूळ ऑस्टरवाइल यांच्यापेक्षा स्टुअर्ट फेल्डमन यांच्या १९७६ च्या ‘मेक’शी जास्त जुळतं. यंत्रांची कामं त्या फाइलमध्ये आवृत्त्यांसकट नोंदली जातात. बदल मुख्य शाखेत घेण्याआधी किती माणसांची मंजुरी लागेल, हे मात्र अनेक ठिकाणी अजून सेटिंगच्या पानावर टिचकी मारूनच ठरतं.